रे कुठून घ्यायचा: बेळगावातल्या नऊ जणींच्या गायनसमूहाचं एक प्रकरण

पांढरी दोनच्या पट्टीत सुरू झालेलं वचन (कन्नड भक्तिपद) संपलं तेव्हा जवळजवळ काळी एकवर, म्हणजे पेटीवरच्या एका स्वराने खाली, येऊन टेकलं होतं. साथीला काहीच नव्हतं, त्यामुळे ऐकणाऱ्याला ते कदाचित खटकलंही नसतं. पण पुढची रचना मूळ पट्टीत सुरू करायची होती. पेटीवर सा दाबल्याबरोबर नऊही जणींनी एकमेकींकडे पाहिलं. "अक्का, सूर उतरायलाय," असं समूहातली सगळ्यात धाकटी बोलली ती जुलैच्या मध्यावर. कार्यक्रम नोव्हेंबरच्या शेवटच्या रविवारी होता. या चार महिन्यांत काय तपासलं, काय बदललं आणि काय तसंच राहिलं, याची ही नोंद.

समूह शहापुरातला. वयं १९ ते ५८. चौघी हिंदुस्थानी शास्त्रीय शिकलेल्या, त्यातल्या दोघी विशारद. तिघी चर्चच्या गायकवृंदातल्या, घरी कोकणी बोलणाऱ्या, पाश्चात्य स्वरलिपी वाचणाऱ्या. दोघी भजनी मंडळातल्या, लिपी कुठलीच नाही, पण कान पक्का आणि गळा दणदणीत. घरची भाषा कुणाची मराठी, कुणाची कोकणी, एकीची कन्नड, आणि बाजारातली कन्नड सगळ्यांनाच येते. सीमाभागात अशी मोट काही नवलाची नाही, पण एका सुरात गाताना ही सरमिसळ कुठे आडवी येते ते पुढे दिसेल.

कार्यक्रम पाऊण तासाचा. सुरुवातीला अमेरिकन संगीतकार पॉलीन ऑलिव्हरोस (१९३२–२०१६) यांची सूर जुळवण्याची ध्यानरचना. तिला स्वरलिपी नाही, फक्त सूचना आहेत: एका श्वासात स्वतःच्या मनातला कुठलाही स्वर धरा, पुढच्या श्वासात दुसरी कुणी धरलेला स्वर ऐकून तोच धरा, त्याच्या पुढच्या श्वासात कुणीच न धरलेला स्वर शोधा. मग जर्मनीतल्या ऱ्हाइनकाठच्या मठाधिपती हिल्डेगार्ड (१०९८–११७९) यांचं एक लॅटिन स्तोत्र, सगळ्या एका सुरात. मग स्पेनमधल्या मोंतसेरात मठाच्या चौदाव्या शतकाच्या अखेरच्या हस्तलिखितातली एक रचना, जिच्यात एकच चाल दोन-तीन गट थोड्या थोड्या अंतराने मागून उचलतात. त्यानंतर स्पेनमधल्याच बुर्गोसजवळच्या लास वेल्गास या ख्रिस्ती जोगिणींच्या (नन्सच्या) मठातल्या, चौदाव्या शतकाच्या सुरुवातीच्या हस्तलिखितातली दोन आवाजांची रचना. आणि शेवटी दोन नव्या रचना, समूहातल्याच एकीने बांधलेल्या: वीरशैव संतकवयित्री अक्कमहादेवींचं कन्नड वचन आणि महानुभाव कवयित्री महदंबेच्या धवळ्यातल्या (लग्नगीतांतल्या) काही ओळी.

निवड विचारपूर्वक होती. हिल्डेगार्ड आणि अक्कमहादेवी दोघी बाराव्या शतकातल्या. महदंबेचे धवळे तेराव्या शतकाच्या उत्तरार्धातले, आणि लास वेल्गासचं हस्तलिखित त्यानंतर काही दशकांतच लिहिलं गेलं. मोंतसेरातच्या हस्तलिखितात ही गाणी का लिहून ठेवली त्याचं कारणही दिलं आहे: रात्रभर देवळात जागणाऱ्या यात्रेकरूंना गावंसं, नाचावंसं वाटतं, तर त्यांनी गावं ते शुद्ध आणि भक्तीचं असावं. सौंदत्तीच्या यल्लम्माच्या डोंगरावर पौर्णिमेला गेलेल्या माणसाला हे कारण समजावून सांगावं लागत नाही.

पहिलं निदान

सूर उतरतो म्हटल्यावर पहिला संशय गळ्यावर गेला. दोन उपाय झाले: रियाज वाढवला, आणि तालमीत सतत पेटी लावली. पेटीबरोबर सूर उतरेना. पण पेटी बंद केली की दुसऱ्या मिनिटाला पुन्हा उतरती. शिवाय दोन आवाजांच्या रचनेत आधी नसलेली खरखर आली. तीन आठवडे यात गेले.

रियाजाने फरक पडला नाही, कारण दोष रियाजाचा नव्हता. पेटीने सूर फक्त टेकवून धरला, सुधारला नाही. पेटीचे बारा स्वर समान अंतराने लावलेले असतात. तिचा शुद्ध गंधार सा-पासून ४०० सेंटांवर येतो (अर्धस्वराचे १०० सेंट). तानपुऱ्यात आपोआप ऐकू येणारा गंधार ३८६ वर असतो, आणि मध्ययुगीन युरोपात पंचमावर पंचम चढवून मिळणारा गंधार ४०८ वर. पेटीचा या दोन्हींपैकी कुठलाच नाही. तीन परंपरांच्या रचनांना एकच पेटी लावली तर प्रत्येक रचना थोडीथोडी बिघडणार.

मोजणी

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात मोजणी झाली. पद्धत साधी होती. मोबाईल अर्धवर्तुळाच्या मध्यावर दोन मीटरवर, स्टँडवर. प्रत्येक रचना तीनदा, मधे पाच मिनिटं गप्पा, म्हणजे कानातला आधीचा सा पुसला जातो. नंतर रेकॉर्डिंग ट्यूनर अ‍ॅपवर वाजवून प्रत्येक ओळीच्या शेवटचा सा किती सेंट सरकला ते वहीत. फक्त सुरुवात आणि शेवट मोजला असता तर या प्रकरणाचा उलगडा झालाच नसता. ओळीओळीने मोजल्यामुळे उतरण कशी आहे ते दिसलं.

वचन आठ आवर्तनांत सरासरी ९२ सेंट उतरलं होतं, आणि ते पायऱ्यापायऱ्यांनी: प्रत्येक आवर्तनाअखेर १० ते १४ सेंट, मधे जवळजवळ काही नाही. लॅटिन स्तोत्र ४० सेंट उतरलं, पण तिथे पायऱ्या नव्हत्या. तार सप्तकातून खाली येणाऱ्या चार ठरावीक ओळींनंतर घसरण आणि बाकीच्या ओळी जागेवर. दोन आवाजांची रचना उतरलीच नाही. तिचा प्रश्न फक्त खरखरीचा.

गळा थकून सूर उतरतो तेव्हा तो उताराच्या रस्त्यासारखा उतरतो, शेवटाकडे जास्त. दर आवर्तनाला तेवढाच उतरत असेल तर कारण गाणाऱ्यांत नाही, रचनेत आहे.

सा–म–रे–प–सा

वचनात मधल्या तिघींना एक फिरता ठेका दिला होता: सा, वर म, खाली रे, वर प, खाली सा. वरच्या तिघी त्यावर शब्द गात, आणि खालच्या तिघी फक्त शेवटच्या "चॆन्नमल्लिकार्जुन" या अंकितावर (कवयित्रीच्या नाममुद्रेवर) येत. ऐकायला सुरेख. पण यात एक सापळा आहे, आणि तो चांगल्या कानाच्या गाणाऱ्यांनाच अडकवतो.

प्रत्येक पाऊल शुद्ध घेतलं तर काय होतं ते पाहू. सा–म हे अंतर ४:३ (दोन स्वरांच्या कंपनांचं प्रमाण). म-वरून रे-ला उतरताना कान मऊ, गोड अंतर शोधतो, ते ६:५. रे–प पुन्हा ४:३. प–सा ३:२. गुणाकार-भागाकार केला तर परत आलेला सा मूळ सा-च्या ८०/८१ पट निघतो, म्हणजे साडेएकवीस सेंट खाली. चारही पावलं बिनचूक, आणि तरी घर सरकलेलं. आठ आवर्तनांत हे १७० सेंटांच्या पुढे जाईल. प्रत्यक्षात निम्म्याच्या आसपास उतरलं, कारण गाणारीला आधीचा सा थोडा आठवतो आणि ती नकळत सावरून घेते.

८१:८० हे प्रमाण आपल्याकडे नवं नाही. नाट्यशास्त्रकार भरताने षड्जग्राम आणि मध्यमग्राम या दोन जुन्या स्वरमांडण्यांच्या पंचमांत जो एका श्रुतीचा (सूक्ष्म स्वरांतराचा) फरक सांगितला, त्या प्रमाणश्रुतीचं माप आज बहुतेक अभ्यासक एवढंच धरतात. इटलीत बेनेदेत्ती या गणितज्ञाने सोळाव्या शतकात हाच हिशेब करून दाखवला होता, की शुद्ध अंतरांनी गाणारा समूह अशा फेऱ्यांत आपोआप सरकतो.

मग शास्त्रीय मैफलीत हे का होत नाही? तानपुऱ्यामुळे. तिथे प्रत्येक स्वर आधीच्या स्वरावरून नव्हे, तर सा आणि प यांच्यावरून घेतला जातो. आयुष्यभर तानपुऱ्यावर गायलेल्या चौघींकडून तानपुरा काढून घेतला, तेव्हा त्यांच्या तयार कानाने जवळचा आधार धरला, आणि जवळचा आधार म्हणजे आधीचा स्वर. त्या चुकत नव्हत्या, फक्त टेकू बदलला होता.

उपाय दोन भागांत केला. खालच्या तिघींपैकी एकीने पूर्ण वेळ मंद्र पंचम (खालच्या सप्तकातला प, २२० हर्ट्झ) ओठ मिटून गुणगुणायचा. श्वास तिचा एकटीचा, म्हणून शेजारणीने तिच्या श्वासाच्या जागी तोच स्वर दोन मात्रा आधी उचलून दोन मात्रा नंतर सोडायचा. आणि मधल्या तिघींना एकच सूचना: रे पंचमावरून घ्या, मध्यमावरून नको. मंद्र प ते मध्य रे हा सरळ पंचम आहे, ३:२, ऐकून जुळवायला सगळ्यात सोपा. असा घेतलेला रे सा-पासून २०४ सेंटांवर बसतो. मध्यमावरून गोड लागणारा रे १८२ वर बसत होता, म्हणून सगळं बिघडत होतं.

याची किंमत आहे. म–रे हे पाऊल आता ३१६ सेंटांचं न राहता २९४ चं होतं, आणि एकट्याने ऐकलं तर जरा आखडलेलं वाटतं. पहिल्या दोन तालमींत मधल्या तिघींना ते चुकल्यासारखंच वाटत राहिलं. सरावाचा क्रम असा ठेवला: आधी फक्त मंद्र प आणि रे, वीस श्वास, दोन स्वर नीट न जुळल्याने ऐकू येणारा हलणारा ठोका थांबेपर्यंत. मग प–रे–सा. मग म–रे, पण रे-वर थांबून पंचम ऐकून. शेवटी पूर्ण ठेका, निम्म्या लयीत. प्रत्येक पायरीला सात-आठ मिनिटं. पाचव्या तालमीत आठ आवर्तनांची उतरण १० सेंटांच्या आत आली.

रचना करणाऱ्यांनी इथून एक गोष्ट उचलावी. साथीशिवायच्या समूहासाठी फिरता ठेका बांधताना तो सा–म–रे–प–सा असा वर्तुळात फिरत असेल, तर एक आवाज स्थिर ठेवा. नाहीतर ठेक्याच्या जागा अशा निवडा की म-वरून रे-वर थेट उडी पडणार नाही.

स्तोत्राची घसरण

हिल्डेगार्डची वळणं लांब असतात. एका ओळीत मंद्रातून तारात आणि परत. निवडलेलं स्तोत्र पांढरी दोन सा धरून मंद्र पंचमापासून तार कोमल रे-पर्यंत, म्हणजे २२० पासून ६२२ हर्ट्झपर्यंत जात होतं. दीड सप्तक. या भागात बायकांचा सा साधारण पांढरी पाच ते काळी पाचच्या दरम्यान लागतो आणि छातीच्या आवाजात वर ओढत नेण्याची सवय असते. भजनी मंडळातल्या दोघी मध्य धैवतापर्यंत त्याच आवाजात भरभक्कम जात. त्याच्या वर गेल्या की स्वर गाठायचा, पण धरता येत नसे. चर्चमधल्या तिघी मध्य पंचमाच्या आसपासच हलक्या आवाजात शिरत. एकाच ओळीत दोन वेगवेगळे गळे, आणि सूर नेमका त्या सांध्यात सुटायचा.

म्हणून ओळी वाटून घेतल्या. मध्य धैवताच्या वर जाणाऱ्या ओळी फक्त पाच जणींना, बाकीच्या चौघींना खालच्या ओळी. जोड एका अक्षराचा: खालच्या जणींचं शेवटचं अक्षर आणि वरच्यांचं पहिलं अक्षर एकावर एक. सरावाची सुरुवातही बदलली. शास्त्रीय शिकलेल्या सवयीने खर्जाने सुरुवात करत. खर्ज चांगलाच, पण या कामासाठी नंतर. आधी तारातून खाली: "ऊ" वर, अगदी हळू, तार रे-पासून मध्य प-पर्यंत घसरत आठ मिनिटं. वरचा हलका आवाज खाली आणता येतो. खालचा जड आवाज वर नेला की तो अडकतो.

दुसरं कारण बारीक होतं. या स्तोत्राचा स्वरसंच आपल्या भैरवी थाटासारखा, सा-च्या वर कोमल रे. शास्त्रीय शिकलेल्या चौघी उतरताना कोमल रे खालचा घेत, त्यावर किंचित आंदोलन देत, आणि मग नेहमीच्या अंतराने सा. तानपुरा असता तर सा-ने त्यांना धरलं असतं. इथे रे खाली आला की सा-ही त्याच्याबरोबर खाली. सूचना अशी दिली की या स्तोत्राला भैरवी म्हणायचंच नाही. रागाचं नाव घेतलं की चलन, मींड (स्वरावरून स्वरावर घसरत जाणं), न्यास सगळं मागून येतं. स्वर सरळ आणि मींड नाही. उतरत्या ओळींच्या आधी एकीने सा एक मात्रा हलकासा धरायचा.

नावाचा गोंधळ आणखी एक होता. चर्चमधल्या तिघी डो-रे-मीच्या पद्धतीत या रचनेच्या शेवटच्या स्वराला "मी" म्हणत, आणि बाकीच्या त्यालाच सा. "मी-वर थांबा" म्हटलं की चौघी गंधारावर जात. एकच नियम केला: रचना जिथे संपते तो सा, लिपी कुठलीही असो. सगळ्यांसाठी एकच कागद: वर सरगम, मधे लॅटिन शब्द देवनागरीत, खाली श्वासाच्या खुणा १, २, ३. एकच आकडा असलेल्या तिघी एका जागी श्वास घेतात, आणि ओळ संपते तिथे कुणीच घेत नाही.

ओ कोणता

हा भाग सगळ्यात उशिरा लक्षात आला आणि सगळ्यात लवकर सुटला. लॅटिन "ओ" वर सगळ्या एकाच स्वरात असूनही सूर जाड, पसरट लागत होता. ट्यूनरवर फरक तीन-चार सेंटांचा, म्हणजे जवळजवळ नाहीच. कानाला मात्र बेसूर.

मराठीत ओ एकच, मिटलेल्या ओठांचा. कोकणीत मिटलेला ओ आणि उघडा ऑ हे अर्थ बदलणारे वेगळे स्वर आहेत, आणि त्या तिघी सवयीने उघडा लावत. कन्नडमध्ये ऱ्हस्व ऒ आणि दीर्घ ओ वेगळे, म्हणून कन्नड बोलणारी पहिली अक्षरं आखूड सोडत होती. उघडा स्वर मिटलेल्याच्या शेजारी ठेवला की एकच सूर दोन असल्यासारखा भासतो. सगळ्यांनी मिटलेला ओ ठरवला, ओठांत करंगळी जाईल एवढी फट, आणि एका तालमीत तो पसरटपणा निम्म्याहून कमी झाला.

वचनात उलटं झालं. "चॆन्नमल्लिकार्जुन" मधला ऎ ऱ्हस्व आणि न्न दुहेरी. मराठी जीभ ऎ लांबवते आणि न्न सोडून देते. तिथे कन्नड बोलणारी शिकवणारी झाली आणि बाकीच्या आठ जणी शिकणाऱ्या. लॅटिनसाठी चर्चमधला इटालियन धाटणीचा उच्चार धरला, ए-ई आधीचा सी म्हणजे च, जीएन म्हणजे न्य. हिल्डेगार्डच्या मुलखात तो त्स होतो. दोन्ही चालतात, पण एका कार्यक्रमात एकच.

दोन आवाज

लास वेल्गासच्या जोगिणी बहुस्वरी गाणं स्वतः गात. त्यांच्या हस्तलिखितात दोन आवाजांचा स्वरपाठाचा एक सरावही आहे, म्हणजे आपले अलंकारच. दर तालमीची सुरुवात त्यानेच होऊ लागली.

खरखर गेली ती पेटी काढल्यावर. पण तिच्या जागी तानपुरा लावला तेव्हा नवाच प्रश्न उभा राहिला. या संगीतात पंचम आणि षड्ज हे विसाव्याचे, आणि गंधाराचं अंतर ताणाचं असतं. ते रुंद घेतात आणि ते बाहेर सरकून पंचमात मिटतं. त्यासाठी गंधार ४०८ सेंटांवर हवा. तानपुऱ्याच्या तारेत मात्र षड्जाचा पाचवा स्वरांश (तारेतून आपोआप उमटणारा वरचा स्वर) ३८६ वर सतत वाजत असतो. बावीस सेंट वरचा गंधार त्यावर घासतो. मग गाणाऱ्या नकळत गोड गंधारावर उतरतात आणि रचनेतला ताणच निघून जातो. म्हणून या रचनेला तानपुरा नाही, दोघींनी धरलेला पंचम तेवढा.

धवळ्यासाठी मात्र तानपुराच हवा होता. ती चाल एस्टोनियन संगीतकार आर्वो पार्ट यांनी १९७६ पासून वापरलेल्या पद्धतीवर बांधली होती: एक आवाज लागोपाठच्या स्वरांनी चालतो, दुसरा फक्त सा-ग-प यांतला जवळचा स्वर धरतो. तिथे ३८६ चा गंधार तारेतून आयता मिळतो आणि दुसरा आवाज त्यात विरघळून जातो. महदंबेच्या रुक्मिणीच्या लग्नातल्या ओळी, आणि खाली मिरजेचा तानपुरा. कार्यक्रमातली सगळ्यात सोपी रचना हीच, आणि सगळ्यात भरलेली.

तानपुरा मोठा, पुरुषी पट्टीचा घ्यावा लागला. बायकी तानपुऱ्याच्या तारा पांढरी सहाच्या आसपास लागतात. त्या पांढरी दोनवर ढिल्या पडतात, वर ताणल्या तर तुटतात. पावसाळ्यात खुंट्या फुगून अडकतात, म्हणून जुलै-ऑगस्टमध्ये तो लावून ठेवायचा आणि हलवायचा नाही. पत्र्यावर पाऊस सुरू झाला की सुराचं काम थांबवून शब्द आणि ताल. बेळगावच्या जुलैत असे दिवस आठवड्यातून चार-पाच.

आणि ट्यूबलाइट. दोन आवाजांची रचना आधी पांढरी पाचवर होती, सा १९६ हर्ट्झ. खोलीतल्या जुन्या चोकची घुमघुम १०० हर्ट्झची, तिचा वरचा अंश २०० चा. सा आणि चोक यांत सेकंदाला चार ठोके. सूर लागत नाही म्हणून अर्धा तास गेल्यावर कुणीतरी दिवा बंद केला आणि सूर बसला. नंतर ती रचना पांढरी सहावर नेली, आणि चोकही बदलला.

जागा

कार्यक्रम कॅम्पातल्या एका दगडी चर्चमध्ये होता, टाळीचा घुमारा तीन सेकंदांच्या आसपास. गालिचा घातलेल्या खोलीतून तिथे गेल्यावर मागोमाग उचलायची रचना पहिल्याच वेळी चिखल झाली. लय साधारण सातव्या हिश्शाने कमी केली, तिसरा गट काढून दोनच ठेवले. हस्तलिखितात दोन किंवा तीन अशी मुभा आहेच. सरळ ओळीत उभं राहिलं की नऊ जणी पाच मीटर पसरतात आणि टोकाच्या दोघी एकमेकींना ऐकत नाहीत. म्हणून घोड्याच्या नालेसारखं, पंचम धरणारी मधोमध, वरचे आवाज टोकांना. तिथे तीन तालमी मिळाल्या. पाच हव्या होत्या.

खालचा पंचम धरणारी ही भजनी मंडळातली, ५८ वर्षांची. तिचा आवाज मंद्रात इतका भरीव की सुरुवातीला तिला मागे उभं केलं होतं. गंगूबाई हनगलांना ऐकत वाढलेल्या धारवाड-बेळगाव पट्ट्यात बाईच्या खालच्या आवाजाला जागा नाही असं कुणी म्हणू नये. बायकांच्या समूहात पुरुषी खर्ज नसतो. अशी एक बाई मिळाली तर सगळी इमारत तिच्यावर उभी करावी.

परवान्याचं थोडक्यात. जुन्या रचना मुक्त असल्या तरी त्यांची आजची छापील संपादित आवृत्ती मुक्त असेलच असं नाही, त्यामुळे झेरॉक्सऐवजी नऊ प्रती विकत घेतल्या. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये हौशी मंडळाने विनातिकीट प्रेक्षकांसमोर केलेल्या सादरीकरणाला सूट आहे, म्हणून तिकीट ठेवलं नाही. रेकॉर्डिंग इंटरनेटवर टाकणं ही निराळी बाब, ते टाकलं नाही.

त्या दिवशी

वचन ८ सेंट उतरलं. स्तोत्र १५, त्यातले दहा एकाच ओळीत, जिथे जोडाचं अक्षर निसटलं. धवळा जागेवर. दोन आवाजांची रचना मात्र २० सेंट चढली, जी तालमीत कधीच चढली नव्हती. रेकॉर्डिंग ऐकल्यावर दिसतं की पंचम धरणाऱ्या दोघींपैकी एकीचा श्वास दर वेळी थोडा वर सुरू होत होता, आणि रुंद गंधाराचा सराव केलेल्या बाकीच्या जणी तिच्यामागे गेल्या. पंचम धरणाऱ्या दोघींनी एकाच वेळी श्वास घेऊ नये हे वचनासाठी ठरवलं होतं, या रचनेच्या कागदावर ते लिहायचं राहून गेलं. आता त्या कागदावर श्वासाच्या खुणा लाल शाईत आहेत, आणि पुढची तालीम त्या दोघींच्या पंचमाने सुरू होणार आहे.